थांबलं तर काय हातचं जाईल? घरातलं दुखणं ‘तातडीचं’ कधी मानायचं

रात्रीचा दीड वाजला होता. मुलगा चार वर्षांचा, थर्मामीटर १०३.८ दाखवत होता आणि आम्ही दोघं त्याला पांघरुणात गुंडाळून इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोचलो होतो. दाराशी बसलेल्या सिस्टरने आकडा ऐकला, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिने मुलाचा शर्ट वर केला आणि एक डोळा घड्याळावर ठेवून त्याच्या उघड्या पोटाकडे चांगला मिनिटभर नुसती बघत राहिली. मग त्याच्या बोटाचं नख दाबून सोडलं, ओठ बघितले आणि विचारलं, “हातात काय आहे रे तुझ्या?” त्याने खेळण्यातली गाडी पुढे केली, वर तिचं चाक निघाल्याची तक्रारही केली. “बसा जरा,” ती आम्हाला म्हणाली.

आम्ही बसलो. पंधरा मिनिटांनी एक आजोबा आले, स्वतःच्या पायांनी चालत. ताप नाही, रक्त नाही, आरडाओरडा नाही. शर्ट तेवढा घामाने पाठीला चिकटलेला. “गॅस धरलाय छातीत,” म्हणाले. त्यांना लगेच आत घेतलं, खुर्चीवर टेकूसुद्धा दिलं नाही. मी तेव्हा चांगलाच चिडलो होतो, खोटं कशाला सांगू! पोर तापाने फणफणतंय, आधी आलोय आम्ही, आणि नंबर लागतो गॅसवाल्यांचा?

आज तो राग आठवला की ओशाळायला होतं. कारण ती सिस्टर जे करत होती, तेच प्रत्येक घरात कुणाला तरी यायला हवं.

ती सिस्टर काय मोजत होती?

तिच्या कामाला ट्रायाज म्हणतात. आलेल्या रुग्णांपैकी कुणाला आधी बघायचं याची ती निवड. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ निवडणं, वेगळं काढणं असाच आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक जाँ लारे याने रणांगणावर ही शिस्त लावली. अधिकारी आधी आणि शिपाई नंतर असं न करता, ज्याची जखम थांबू शकत नाही त्याला आधी टेबलावर घ्यायचं.

इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात: गंभीर आणि तातडीचं. आपण बोलताना ते एकाच अर्थाने वापरतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

भिंतीत ओल आली तर प्रकरण गंभीर असतं. खर्च मोठा, काम लांबणारं. पण म्हणून रात्री दोन वाजता कुणी गवंड्याला उठवत नाही. याउलट स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर डोळ्यांना काही दिसत नाही, कुठे काही तुटलेलं नसतं, तरी ‘सकाळी बघू’ म्हणता येत नाही. दुखण्यांचंही असंच. वाढलेला मधुमेह किंवा महिनाभर जाणवणारी गाठ ही ओल. त्यासाठी नीट वेळ घेऊन, कागदपत्रं घेऊन डॉक्टरांकडे जायचं, टाळायचं नाही, पण धावायचंही नाही. गॅसचा वास म्हणजे ज्या दुखण्यात काही तासांत, कधी काही मिनिटांत, असं काहीतरी कायमचं जातं की पुढे कितीही मोठा डॉक्टर आणला तरी ते परत मिळत नाही.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: आत्ता नेलं काय आणि सकाळी नेलं काय, शेवटी फरक पडेल का? थांबलं तर काय हातचं जाईल?

आणि वेदना या प्रश्नाचं उत्तर देत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. दाढ ठणकली की माणूस रात्रभर येरझारा घालतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही.

आधी श्वास, मग रंग, मग शुद्ध

हवा आत घेणं, रक्त फिरवणं आणि भानावर राहणं, ही शरीराची तीन कामं खोळंबून चालत नाहीत. कुठलाही आजार असो, नाव माहीत असो वा नसो, आधी ही तीन बघायची.

सिस्टर मुलाच्या पोटाकडे बघत होती ती श्वास मोजत होती. लहान मुलं पोटाने श्वास घेतात, त्यामुळे पोटाची वर-खाली सहज मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी सोपे आकडे दिले आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद चाललाय. मोजताना मूल शांत हवं. रडताना मोजलेला आकडा कामाचा नाही. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट तान्ह्या बाळाच्या बाबतीत हमखास फसतो, कारण त्यांचा श्वास मधेच रेंगाळतो, मधेच धावतो.

आकड्याहून बोलकी असते ती धडपड. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलताहेत, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, बाळाला दोन घोटही सलग पिता येत नाहीत, तर पुढचं काही वाचत बसू नका, निघा. मोठ्या माणसाला धापेमुळे एक वाक्य सलग पुरं करता येत नसेल तर तेही तसंच. दम्याच्या रुग्णाबाबत एक फसवी गोष्ट घडते. छातीतली शिट्टी थांबते आणि घरच्यांना वाटतं, आराम पडला. पण माणूस अजून धडपडत असेल, थकत चालला असेल, तर शिट्टी थांबण्याचा अर्थ असा की शिट्टी वाजायलाही हवा पुरेशी आत जात नाहीये.

रंग बघायचा तो ओठ, जीभ, हिरड्या आणि नखांखाली. सावळ्या कातडीवर निळेपणा गालावर कळत नाही, जिभेवर कळतो. नख पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरा पडलेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. थंडीने गारठलेल्या हातावर ही परीक्षा करू नका. ऑक्सिमीटर घरात असला तर चांगलंच, पण गार बोट आणि नेलपॉलिश त्याला फसवतात, आणि गडद त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. माणूस धापा टाकत असताना यंत्र ९६ दाखवतंय म्हणून निवांत बसायचं नसतं.

शुद्धीचं माप म्हणजे हाक. नावाने हाक मारल्यावर बघतो का, बोलतो ते सुसंगत आहे का? झोपलेलं माणूस उठवल्यावर उठतं, ग्लानीतलं माणूस उठल्यासारखं करतं आणि परत मिटतं. फरक घरच्यांना लगेच कळतो. मुलाच्या आईने “हा नेहमीसारखा नाहीये” म्हटलं, तर चांगले डॉक्टर ते वाक्य हसण्यावारी नेत नाहीत.

तापाचा आकडा कितपत खरा?

३७ अंश सेल्सियस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हा ‘नॉर्मल’ आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने १८६८ साली रूढ केला. त्या काळापासून आपण काचेच्या नळीकडे देवासारखं बघतो. खरं तर ताप हे शरीराने स्वतःच वर सरकवलेलं बटण आहे. जंतूंना जड जावं म्हणून मेंदू तापमान जरा वर लावून घेतो. साध्या सर्दीतही लहान मूल १०३ पर्यंत जातं, आणि रक्तात जंतू पसरलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ९९ सुद्धा नसतो. म्हणून आकडा बघून झाला की माणसाकडे बघायचं. औषधाने ताप थोडा उतरल्यावर मूल डोळे उघडून बघतंय, पाणी पितंय, गाडीच्या चाकाची तक्रार करतंय, तर सकाळ होऊ द्यायला हरकत नसते. ताप उतरूनही मलूल पडून असेल तर थांबू नये.

याला काही पक्के अपवाद आहेत.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ. त्याचा ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, की बाकी सगळं छान दिसत असलं तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यायचं, मध्यरात्र असली तरी. त्याची प्रतिकारशक्ती अजून तयार होतेय, आणि मोठा संसर्ग असला तरी ते दाखवायला त्याच्याकडे फारशी लक्षणंच नसतात. केमोथेरपी चालू असलेल्या माणसालाही हाच नियम.

उन्हात किंवा कोंदट उष्णतेत राहून अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, तोल जातोय. हा ताप नव्हेच. इथे मेंदूने बटण वर केलेलं नाही, शरीराची गार होण्याची यंत्रणाच कोलमडली आहे. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि हे करत असतानाच रुग्णवाहिका बोलवा. उष्माघातात गार करायला जेवढा उशीर, तेवढं नुकसान.

अंगावर पुरळ आलंय आणि ताप आहे, तर पारदर्शक काचेचा पेला पुरळावर दाबून आरपार बघा. डाग दाबाखाली फिके झाले तर बहुधा बरं. जांभळे-लाल डाग काचेखालीही तसेच दिसत राहिले तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त असू शकतं, आणि मेंदूज्वराच्या एका भयंकर प्रकारात असेच डाग येतात. मान आखडणं, उजेड सहन न होणं, ही त्याची भावंडं. पण ती सगळी यायची वाट बघू नये.

डेंग्यूची गोष्ट उलटीच. त्यात धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला, पण पोटात जोराने दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा माणूस अस्वस्थ झालाय, तर घरी आनंद साजरा करत बसू नका.

आणि झटके. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाबरोबर झटका येणं इतकं दुर्मीळ नाही. शंभरात दोन ते पाच मुलांना तो एकदा तरी येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, मूल मात्र बहुतेक वेळा काही मिनिटांत सावरतं. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक काही बाजूला करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं ओलांडली की ती आणीबाणी. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

उलट्या-जुलाब: टाकीत पाणी किती उरलंय?

किती वेळा झाली हे सगळे मोजतात. मोजायचं असतं ते आत किती टिकतंय आणि लघवी होतेय का. टाकीला गळती आहे पण वरून पाणी येतंय, तर टाकी चालते. तोंडातून घेतलेलं सगळंच परत येत असेल, बाळाचा लंगोट सहा-आठ तास कोरडा असेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल, डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश सपाट होत असेल, तर टाकी रिकामी होत आली. ओआरएस देत देतच निघायचं. साध्या पाण्यापेक्षा ओआरएस का, तर आतड्यात साखर आणि मीठ एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाण्याला सोबत ओढतात. म्हणून पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची. ‘थोडं घट्ट केलं तर जास्त गुण येईल’ हे साफ चूक.

शीतून रक्त, तान्ह्या बाळाची हिरवी उलटी, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं आणि वाढतच चाललेलं दुखणं, हे वेगळं प्रकरण. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो, तिथे टाकीचा हिशेब लागू नाही.

ज्या दुखण्यांना घड्याळ लावलेलं असतं

आता खऱ्या गॅसच्या वासाकडे येऊ.

पक्षाघात. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारं औषध सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं आधी तितकं बरं. काही निवडक रुग्णांत नळीवाटे गुठळी नंतरही, अगदी २४ तासांपर्यंत काढता येते, पण त्या भरवशावर राहायचं नाही. ओळख सोपी: हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली घसरतो का? एखादं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, आणि एक वेळ लिहून घ्यायची: हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर ती वेळ उठण्याची धरत नाहीत, झोपताना नीट होता ती धरतात. ‘रक्त पातळ होईल’ म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. पक्षाघात रक्तस्रावानेही होतो, आणि दोघांतला फरक स्कॅनशिवाय कळत नाही. मधुमेही असेल तर साखर तपासा. साखर खूप उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

हृदय. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, जबडा, खांदा किंवा हाताकडे सरकणारी कळ, थंड घाम. पण बायकांना, मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप, मळमळ, कधी न येणारा थकवा. आणि आपल्याकडे तयार असलेलं एक उत्तर: गॅस. गॅस आहे की हृदय, हे ईसीजीशिवाय डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि पहिला ईसीजी ठीक आला तरी ते थांबवून पुन्हा काढतात. ॲसिडिटीचं औषध घेऊन बरं वाटलं हाही पुरावा धरत नाहीत. त्या रात्री आम्ही आमच्या नंबराची वाट बघत होतो तेव्हा आजोबांना स्ट्रेचरवरून धावत लिफ्टकडे नेताना पाहिलं. छातीला तारा चिकटवलेल्या होत्या. माझी चीड तिथे संपली.

तिसरं दुखणं कुणी चारचौघांत बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतोय. वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणाला आतून पीळ पडतो, रक्तपुरवठा बंद होतो. जीव जात नाही, पण साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर ते वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. मुलगा लाजतो आणि ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो. सोबत उलटी होते, म्हणून घरचे अपचन समजून झोपवतात. सकाळपर्यंत वेळ गेलेली असते. अचानक सुरू झालेलं पोटाच्या खालच्या भागातलं दुखणं असेल तर घरातल्या कुणीतरी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सरळ विचारावं, “खाली दुखतंय का रे?” गरोदर असण्याची शक्यता असलेल्या बाईला पोटात एका बाजूला कळ येऊन भोवळ आली, तर तिलाही असंच तातडीने न्यायचं. गर्भ नळीत वाढत असेल तर नळी फुटून आतल्या आत रक्त जातं.

चौथी गोष्ट खेळण्यातली, रिमोटमधली: नाण्यासारखी चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या आवरणामुळे विजेचा प्रवाह पूर्ण होतो आणि दोन तासांत तिथे खोल भाजू शकतं. मूल हसत-खेळत असलं तरी. गिळल्याचा नुसता संशय असेल तरी एक्स-रे हवा, लगेच. उलटी करवायची नाही. दोन किंवा जास्त लोहचुंबक गिळले असतील तरीही हेच. ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे धरून एकमेकांना चिकटतात.

“पण आता तर बरं वाटतंय!”

या वाक्याने बरेच घोळ होतात.

चेहरा वाकडा झाला होता, दहा मिनिटांत सरळ झाला. म्हणजे गुठळी आली आणि सुटली. पुढची येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्याच दिवशी इस्पितळ.

डोक्याला मार लागला, माणूस उठला, कपडे झटकले, बोलू लागला. २००९ साली अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंगच्या प्राथमिक उतारावर पडल्या. त्यांना काही झालंय असं वाटत नव्हतं, आलेली मदत त्यांनी परत पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधे रक्त साचत गेलं होतं. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साठायला जागा असते तोवर माणूस ठीक असतो, जागा संपली की मेंदू दाबला जातो. म्हणून टेंगूळ किती मोठं आहे यापेक्षा पुढचे २४ तास बघायचे. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवायला जड जाणारी झोप, बुबुळं लहान-मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, झटका, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर निघा. मुलाला झोपू द्यायचं नाही हा जुना समज. एरवी ठीक असेल तर झोपू द्या, मधे मधे उठवून बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि पासष्टीपुढचे मात्र साध्या माराने पडले तरी दाखवून घ्यावेत. त्यांच्यात रक्त काही आठवड्यांनीही डोकं वर काढतं.

पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त घेतल्या गेल्या, चुकून किंवा जाणूनबुजून. पहिला दिवस बहुधा काहीच वाटत नाही, किंवा नुसती मळमळ. यकृत ढासळतं ते दोन-तीन दिवसांनी. उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणजे नेमकं बरं वाटत असतानाच जायचं.

कुत्रा चावला, जखम खरचटल्याएवढीच. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लसीसाठी जा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. लस मात्र लक्षणांच्या आधी वेळेवर घेतली तर वाचवते, हे लुई पाश्चरने १८८५ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचून दाखवलं होतं.

ॲलर्जीने अंगावर गांधी उठणं वेगळं. त्याबरोबर आवाज बसला, जीभ सुजली, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथे ॲलर्जीची गोळी पुरत नाही, मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. आणि उतरल्यावरही काही तास नजरेखाली राहावं लागतं, कारण काहींना दुसरी लाट येते.

जखम, भाजणं, मुरगळणं

इथे फार गूढ काही नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून ठेवा, पूर्ण दहा मिनिटं, मधे ‘थांबलं का’ म्हणून उचलून न बघता. प्रत्येक वेळी उचललं की धरत आलेली खपली निघते. तरीही थांबत नसेल, पिचकारीसारखं उडत असेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील किंवा पुढचं बोट बधिर झालं असेल तर इस्पितळ. रुतलेली वस्तू उपटायची नाही. कदाचित तीच बूच म्हणून काम करत असते.

भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, मलम काही नाही. सूज यायच्या आत अंगठी काढा. रुग्णाचा स्वतःचा पंजा म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. एवढ्याहून मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल तर दाखवायलाच हवं. पांढरट पडलेला, न दुखणारा भाग जास्त खोल असतो, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. विजेचा धक्का बाहेरून ठिपक्याएवढा दिसतो आणि आतून खोलवर गेलेला असतो.

पाय मुरगळला की हाड मोडलंय का? कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी नियम मांडले, जे आजही जगभर वापरतात. मोठ्या माणसाला मार लागल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत असतील, आणि घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर व पावलाच्या मधल्या हाडांवर दाबल्यावर कळ येत नसेल, तर बहुधा एक्स-रेची गरज नसते. लंगडत टाकलेली पावलंही चालतात.

उगाच धावलो आणि काही निघालंच नाही तर?

ही शंका मला सगळ्यात जास्त लोक विचारतात, आणि तीत लाजेचा भाग मोठा असतो. डॉक्टर काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हृदयविकार निघत नाही, हे कॅज्युअल्टीत सगळ्यांना माहीत असतं. तपासून ‘नाही’ म्हणणं हेच तर त्यांचं काम आहे. उलट गर्दीची काळजी असेल तर ती ओलीच्या प्रकरणांत करा: आठवडाभराचा खोकला, जुनी कंबरदुखी, औषध संपलं म्हणून. (कंबरदुखीबरोबर लघवीचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, तर तीसुद्धा त्याच रात्रीची झाली.)

दुसरी शंका, गाडी दारात असताना रुग्णवाहिकेची वाट कशाला बघायची? छातीचं दुखणं, पक्षाघात, श्वासाचा त्रास किंवा मोठा अपघात असेल तर रुग्णवाहिका बरी, कारण वाटेत हृदय थांबलं तर तिथे काही करता येतं, गाडीच्या मागच्या सीटवर नाही. ती लवकर येणारच नसेल तर दुसऱ्या कुणी चालवावं. आजाऱ्याने स्वतः चाक हातात घ्यायचं नाही, ‘मला काही झालेलं नाही’ असं तो कितीही म्हणाला तरी. आणि माणूस कोसळून श्वास घेईनासा झाला तर वाट न बघता छातीच्या मध्यावर दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने.

निघताना चालू औषधांची पाकिटं घ्या. नावं आठवत बसण्यात वेळ जातो. काही गिळलं असेल तर ती बाटली किंवा डबा घ्या. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ हातावर लिहिली तरी चालेल.

आमचा नंबर पहाटे तीनला लागला. घसा बघितला, कान बघितले, वजनाप्रमाणे औषधाचा डोस सांगितला आणि घरी जा म्हणाले. तरुण डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, कधी परत यायचं ते: श्वास मिनिटाला चाळीस, लघवी नाही, काचेखाली न जाणारे डाग, हाकेला ओ नाही. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. खाली आम्ही रुग्णवाहिकेचा नंबर आणि घरातल्या सगळ्यांच्या औषधांची नावं लिहिली. गाडीचं चाक त्या खुर्चीखालीच राहिलं.